बिशपचं रक्त आणि माझे हात

"विरघळलं का गं?"

"कुठलं! दगडासारखं घट्ट आहे अजून!"

वेदीपाशी उभ्या असलेल्या बायांनी दिलेला हा निरोप चर्चच्या दारातून पायऱ्यांवर आला, पायऱ्यांवरून चौकात गेला आणि बघता बघता गाव रडायला लागलं. कुणी ऊर बडवून घेत होतं, कुणी थंडगार फरशीवर कपाळ घासत होतं. दरवर्षी सणाच्या सकाळी पहिली घंटा संपायच्या आत सान एर्मोलोचं, म्हणजे श्रद्धेसाठी मान दिलेल्या आमच्या जुन्या संत बिशपचं, गोठलेलं रक्त पातळ होऊन बाटलीत हलायला लागायचं. आज तीन घंटा झाल्या, तरी गोळा जागचा हलला नव्हता.

वेदीवर बाटली उंच धरून उभा होता ओरेस्ते बाल्दास्सी. रक्ताचा राखणदार. त्याच्या आधी त्याचा बाप राखणदार होता, त्याच्या आधी आजा. गळ्यात लाल पट्टा, मिशांना तेल, आणि आवाज असा की शेजारच्या डोंगरावरची बकरी मान वर करील.

"बिशप रागावलेत!" तो ओरडला. "सोळाशे वर्षं जे रक्त आपल्यासाठी वितळलं, ते आज का गोठलं? विचारा स्वतःला! या गावात कोण आलंय? लेकरांच्या दंडात विष टोचायला कोण आलंय?"

सगळ्या माना मागे वळल्या. खांबाला टेकून डॉक्टर लिव्हिया उभी होती. तोरिनो शहरातून आलेली, तिशीची, बिनलग्नाची. दुसरं महायुद्ध संपून तेरा वर्षं झाली होती आणि आमच्या डोंगरावर पहिल्यांदाच पोलिओची सुई आली होती. त्याच दुपारी चार वाजता ती शाळेत सुया टोचायला बसणार होती. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात तीन पोरांचे पाय लुळे पडले होते. त्या तिघांच्या आया ओरेस्तेकडून "बिशपचं तेल" विकत घेऊन वर्षभर त्या काड्यांवर चोळत होत्या. सुई चालली तर तेल कोण घेणार?

"हाकला तिला!" कुणीतरी ओरडलं. माझी सख्खी धाकटी बहीण पास्क्वालिनाही ओरडली. तिच्या कडेवर तिची नात होती, तीन वर्षांची निनेत्ता. आदल्या रात्रीपर्यंत "अक्का, उद्या हिला पहिली नेते" म्हणणारी माझी बहीण!

आता माझ्याविषयी सांगते. मी आउरेलिया, मेणबत्त्या करणारी. चाळीस वर्षं या चर्चमधली प्रत्येक मेणबत्ती माझ्या हातची. मेण, चरबी, तेल यांचा स्वभाव मला नवऱ्याच्या स्वभावापेक्षा जास्त कळला. नवरा खोटं बोलायचा, मेण बोलत नाही. सणाच्या चार दिवस आधी ओरेस्ते माझ्याकडे आला होता.

"आउरेलियाबाई, यंदा बाटलीशेजारी मेणबत्त्या नकोत. लांब, पायऱ्यांवर लावा."

"का रे? दरवर्षी तर दोन्ही बाजूंनी बारा-बारा लावतो."

"बिशपांना साधेपणा हवाय."

"तुला सांगून गेले वाटतं?"

तो गेल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. चरबीची मेणबत्ती कधी मऊ पडते आणि कधी आखडते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी डॉक्टरीणबाईंकडून औषधाची एक रिकामी बाटली मागून आणली आणि चुलीपाशी बसले. डुकराची चरबी, ऑलिव्हचं तेल, चिमूटभर मेण, लाल रंग. कधी फार पातळ झालं, कधी फार घट्ट. तिसऱ्या दिवशी जमलं. ती बाटली सणाच्या सकाळी माझ्या झग्याच्या खिशात होती, मेणकापडात, गार राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

ओरेस्तेचे हात मी आता नीट पाहत होते. दरवर्षी तो बाटली दोन्ही तळव्यांत घट्ट कवटाळायचा आणि डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायचा. आज त्याने तिला फक्त चांदीच्या दांडीने धरलं होतं. काचेला बोटही लागू देत नव्हता.

मी गर्दीतून वाट काढत वेदीपाशी गेले.

"ओरेस्ते, बाटली माझ्या हातात दे."

"बाईमाणसाचा हात? बिशपच्या रक्ताला?"

"का? कापलेल्या मानेखालचं रक्त स्पंजाने टिपून कुणी ठेवलं? बाईनेच ना? की तेव्हा तुझा आजा होता तिथे?"

दोन-चार जण फिसकन हसले. ओरेस्ते लाल झाला. मग मी फादर चेलेस्तिनोंकडे वळले. आमचे म्हातारे पाद्री बाजूच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. भला माणूस, पण ओरेस्तेच्या घराण्यापुढे चाळीस वर्षं मूग गिळून बसलेला.

"फादर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. सुभेदार आपल्या बिशपला म्हणाला, सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाक आणि घरी जा. चिमूटभरच! तीन दिवस विचारलं. तीनदा बिशप म्हणाले, 'नाही.' चौथ्या दिवशी मान गेली. एवढ्या छातीचा माणूस, आणि तो एका पोरीच्या सुईला घाबरून रुसून बसेल? ही तुम्हाला त्यांची अब्रू वाटते?"

फादर चेलेस्तिनो उठले. त्यांनी ओरेस्तेच्या मुठीतली दांडी काढून घेतली आणि माझ्या हाती दिली.

मी बाटली तळव्यांत धरली. काच बर्फासारखी होती; नऊ दिवस तळघरात ठेवतात ना तिला. मी डॉक्टर लिव्हियाला हाक मारून शेजारी उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि मोठ्याने नमो मारियाचे जप म्हणायला लागले. दहा झाले. वीस झाले. चुकले असते तर त्या पोरीला लोकांनी त्याच दिवशी गावाबाहेर काढलं असतं, आणि मलाही. तिसाव्याला गोळ्याची कड सुटली. पस्तिसाव्याला मी बाटली कलती केली आणि आतलं लाल हललं.

काय गर्जना झाली! टोप्या उडाल्या, घंटा वाजायला लागल्या. आणि ओरेस्ते! मांजर कसं चारी पायांवर पडतं, तसा तो सावरला. हात पसरून ओरडला, "बिशपांनी क्षमा केली! डॉक्टरीणबाईंना माफ केलं! चमत्कार!"

लोक लिव्हियाचे हात चुंबायला लागले. ती माझ्या कानाशी वाकली. "आउरेलियाबाई, आता गप्प राहा. पोरं येतील सुईला. आपलं काम झालं."

खरं सांगते, क्षणभर मीही तोच विचार केला. गप्प बसले असते तर ती संध्याकाळ गोड झाली असती. पण मी ओरेस्तेचे डोळे पाहिले. तो हसत होता. आज माफ करणारा बिशप उद्या पुन्हा रागावणार होता, आणि कधी रागवायचं ते ओरेस्ते ठरवणार होता.

"नाही," मी म्हटलं. "कुणी माफ केलं नाही आणि कुणी रागावलंही नव्हतं. बघा."

मी बाटली पवित्र पाण्याच्या कुंडात बुडवली. डोंगरातलं ते गारढोण पाणी. थोड्या वेळाने बाहेर काढून उलटी केली. गोळा पुन्हा घट्ट. मग खिशातली माझी बाटली काढली. तीही घट्ट होती. ती पहिल्या रांगेतल्या पास्क्वालिनाच्या हातात दिली.

"धर मुठीत."

"मी नाही धरणार! काय आहे हे?"

"तुझ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू आहेत. धर म्हणते ना!"

तिने धरली. तिच्या तोंडचा रंग हळूहळू उतरला. मूठ उघडली तेव्हा आत लाल रस हलत होता.

"हे मी चुलीवर केलंय," मी सांगितलं. "बिशपच्या बाटलीच्या तोंडावरचं मेण मी फोडलेलं नाही, आत काय आहे ते मला ठाऊक नाही. पण ऊब लागली की वितळतं आणि गार झालं की गोठतं, एवढं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. दरवर्षी हा तळव्यांत धरतो, शेजारी चोवीस मेणबत्त्या जळतात. यंदा यानेच मेणबत्त्या लांब ठेवायला सांगितल्या, आणि दांडी धरून उभा राहिला."

"चेटकीण!" ओरेस्ते किंचाळला. "खोटारडी!"

"खोटारडी तर खोटारडी. तू धर की तळव्यांत. सगळ्यांसमोर."

तो धरेना. तेव्हा फादर चेलेस्तिनोंनी बिशपची बाटली घेतली, दोन्ही हातांत धरली आणि खाली बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते उठले आणि बाटली हलवून दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आउरेलिया खरं बोलते," ते म्हणाले. "आणि हे मला कधीच बघावंसं वाटलं नाही, हे माझं पाप." तळघराची किल्ली त्यांनी तिथेच ओरेस्तेकडून मागून घेतली.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं असं वाटत असेल तर विसरा. निम्मे जण माझ्याकडे न बघता निघून गेले. कुणीतरी माझ्यावर थुंकलं. शाळेत चार वाजले, साडेचार वाजले. लिव्हिया एकटीच बसलेली, मी दाराशी. पाचच्या सुमारास पास्क्वालिना आली, रडणाऱ्या निनेत्ताला ओढत.

"तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला," ती मला म्हणाली. "सगळ्या गावात नाक कापलंस." मग लिव्हियाकडे वळून म्हणाली, "टोचा."

त्या दिवशी अकरा पोरं आली. उन्हाळ्याआधी आणखी कितीतरी आली. एका घराने मात्र हट्ट सोडला नाही, आणि ऑगस्टमध्ये त्या घरातल्या मुलीचा डावा पाय गेला. त्या घराचं नाव मी सांगणार नाही. ते आपली शिक्षा रोज अंगणात लंगडताना बघतात. उत्सवमंडळाने माझ्याकडून मेणबत्त्या घेणं बंद केलं ते आजतागायत. घ्या म्हणावं दुसरीकडून. माझ्या घरी उजेड आहे.

बिशपला माना. मीही मानते, मान गेली तरी 'नाही' म्हणणारा माणूस कुणाला आवडणार नाही? पण कुणी बाटली, राख नाहीतर तेल उंच धरून तुम्हाला भिववायला लागला, तर गुडघे टेकायच्या आधी हात पुढे करा आणि म्हणा, "आण इकडे, मला बघू दे." दिलं तर नीट बघा. दिलं नाही, तर घरी जा आणि पोराला डॉक्टरकडे न्या.