तराजूत हरलेला पाटा

मी जीपचा पाटा बोलतोय. होय, तोच, गाडीच्या बुडाखाली वाकून बसणारा आणि रस्त्याचे सगळे धक्के पाठीवर घेणारा. माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

वाशिमचे धान्याचे व्यापारी पदमचंद शेटजी यांनी लष्कराच्या लिलावातून जुनी जीप आणली, तिच्यासोबत मी आलो. ड्रायव्हर आसेगावचा जानराव. मोठा हलक्या हाताचा माणूस! खड्डा दिसला की आधी माझा विचार करायचा.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात आसेगावच्या वाटेवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या, की जीपचं पोट मधल्या उंचवट्याला घासू लागलं. गाडी उचलायची ठरली. मदनसिंग मिस्त्री म्हणाला, "शेटजी, दोन बोटं उंच पाटे घ्या, पण जीपचेच. आन् शॉकपही लांब घ्या. जुना आखूड ठेवसान तं पहिल्याच नाल्यात उपटून येईन." शॉकप म्हणजे आमची उसळी आवरणारी नळी.

"मले माल पारखणं नोको शिकवू!" शेटजी म्हणाले. त्यांनी कुठूनसा ट्रकचा पाटा आणवला. ज्वारी मोजायच्या मोठ्या तराजूत एका पारड्यात तो ठेवला, दुसऱ्यात मला. मी टांगलो वर! हमाल खो खो हसले.

"पाहा," शेटजी म्हणाले, "हा तं त्याच्या पासंगालेही पुरत नाही."

अरे, पाटा वजनावरून ओळखतात होय? तो किती लवतो ते बघायचं असतं! पारड्यात लोंबकळतानाच मी ठरवलं, या माणसाला पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही.

ट्रकचे पाटे चढले, शॉकप जुनेच राहिले. जीप उंच झाली खरी, पण लवायचं नाव नाही. खड्ड्याखड्ड्याला बकरीसारखी उडायची. शेटजींच्या कमरेत उसण भरली आणि खापर फुटलं जानरावच्या डोक्यावर.

"तुह्या हाताची कळाच गेली रे. उद्यापासून येऊ नोको."

"हात तोच हाय शेटजी. पाटे बदलले."

"मंग घेऊन जाय तुहे लाडके पाटे!"

भर बाजारातून जानराव मला खांद्यावर घेऊन गेला. जानरावचा हात बिघडला, अशी बोंब आठ दिवसांत तालुकाभर झाली. कोणी त्याला गाडी देईना. माझ्या अपमानापेक्षा हे मला जास्त झोंबलं. शेवटी तो बायकोसोबत, पंचफुलासोबत, सोंगणीला, म्हणजे ज्वारी कापायला, जाऊ लागला. विळे हवे होते, म्हणून लोहाराने मला भट्टीत घातलं आणि ठोकून माझा विळा केला. पाट्याच्या पोलादाला धार चांगली टिकते. जळताना मी एकच घोकत होतो, पदमचंदा, थांब जरा!

मार्गशीर्षात आम्ही नाल्याकाठी ज्वारी सोंगत होतो. धाडकन आवाज झाला. बघतो तर जीप नाल्यात तिरपी, शॉकप मुळासकट उपटलेला आणि शेटजी टोपी हातात घेऊन टेंगूळ चोळत बांधावर येताहेत. जीपच्या कापडी छपराच्या लोखंडी दांडीने डोक्यावर प्रसाद दिला होता. आहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"जानराव," शेटजी हळूच म्हणाले, "तुहंच खरं होतं. तुहा हात चांगलाच होता."

पंचफुला ताठ उभी राहिली. "मोठ्यानं सांगा शेटजी. साऱ्या बायाईले आयकू द्या."

शेटजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग मोठ्याने सांगितलं. सोंगणाऱ्या वीस बायांनी ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत तालुक्याने ऐकलं.

"कामावर ये रे बाबा," ते म्हणाले.

"येतो. पण पाटे आन् शॉकप मी निवडीन."

"निवड. पण ते जुने पाटे कुठं हायेत?"

पंचफुलाने मला त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या. तराजूत टाकून पाहा."

तर मंडळी, गाडीला पाटे घ्यायचे असतील तर तराजू घरी ठेवा आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

शेटजींना मात्र माल पारखायची सवय. त्यांनी मला हातात घेतलं आणि धारेवरून अंगठा फिरवला. मी अजिबात लवलो नाही.