नाव नसलेलं ढोर

लटारूने नमुन्याची झडप तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली आणि सवयीने नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता.

"हे छातीत बसवनार, बाई?"

"छाती न फाडता," डॉक्टर मंजुषा म्हणाल्या. "मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर न्यायची आणि जुनीच्या आत उघडायची. तुमच्या हृदयाची झडप दगडासारखी कडक झालीय, बाबा. या वयात, अशा फुप्फुसांवर मोठं ऑपरेशन झेपणार नाही. आणि काहीच केलं नाही, तर वर्षही निघणं कठीण."

पलंगापाशी रोशन कागद धरून उभा होता. पोरगा सकाळीच हैदराबादेहून नागपूरला उतरला होता. कागदावर बापाचा अंगठा तेवढा बाकी होता.

"द्या ना अंगठा, बाबा."

"कोनासाठी रे?"

रोशनने शाईचा पॅड पुढे सरकवला.

लटारू पन्नास वर्षं सिंदेवाहीकडच्या आपल्या गावाचा गायकी, म्हणजे गुराखी होता. सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर गावाची ढोरं गोळा करायची, जंगलात चारायची, दिवस बुडता परत आणून मोजायची. मोजणी जुळल्याशिवाय त्याने कधी घास तोंडात घातला नाही. त्याची बायको सोमारी ताट झाकून वाट पाहायची. मग ट्रॅक्टर आले, वाघापायी चराई थांबली, एकेक करून ढोरं विकली गेली. दोन वर्षांमागे सोमारीही गेली. रिकामं घर खायला उठतं म्हणतात. लटारूचं घर तर केव्हाच जेवून, हात धुऊन बसलं होतं.

"कशाची हाय ही?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी एकदा रोशनकडे पाहिलं.

"जनावराच्या हृदयाभोवती पातळ आवरण असतं, त्याची. गाय-बैलाच्या. बाहेर देशातून येते."

रोशनने मान खाली घातली. हे त्याने बापाला सांगितलं नव्हतं. आता म्हातारा उठून चालू लागणार, असंच त्याला वाटलं.

"नाव काय होतं त्याचं?"

"कुणाचं?"

"ढोराचं. रंग कोनता?"

"ते... ते कुणी लिहून ठेवत नाही, बाबा."

"अशी कशी मानसं! बिननावाचं ढोर उभ्या जन्मात पाह्यलं नाई मी."

त्याच्या कळपात जे जिथून आलं, ते त्याचं नाव. कोरपन्याहून आणलेला बैल कोरपन्या, ब्रह्मपुरीच्या बाजारातली गाय ब्रह्मपुरी. आणि वाट चुकून एखादं परकं ढोर कळपात शिरलं, तर गायकी त्याला हाकलत नसे. मालक येईपर्यंत त्याला आपल्यातच चारायचं, मोजणीतही धरायचं, असा रिवाजच होता.

त्याने झडप हलकेच पलंगावर ठेवली. मग त्याने अंगठा शाईवर टेकवला.

"एवढ्या दुरून आलं ते. आता वापस कुठी जाईल?"

झडप बसली, आणि आठवड्याभराने रोशनने त्याला गावी आणून सोडलं, गोळ्या दोनदा समजावून सांगितल्या आणि दुपारच्याच बसने जायला निघाला.

"सुट्टी नाई, बाबा. राहाल ना एकटे?"

"जा बापा. मले काय धाड भरली?"

बस गेली, धूळ खाली बसली. आता हाक मारावी असं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

दिवस बुडताना तो काठी घेऊन निघाला. गेल्या साली आखरापर्यंत जायला दोनदा टेकावं लागायचं. आज तो एकदाही थांबला नाही. आखरावर तरोट्याचं तण माजलं होतं. पूर्वी उभा राहायचा तिथेच तो उभा राहिला, डावा हात छातीवर ठेवला आणि उजव्या हाताने काठी उचलली.

"एक," तो म्हणाला.

थोडं थांबून त्याने काठी खाली टेकली. मोजणी जुळली होती.

"चाल, परदेसी. चूल आपल्यालेच पेटवा लागते."