उरलेल्या विटा

शेतीच्या अवजारांच्या दुकानात शिरतानाच मी ठरवलं होतं की काहीही झालं तरी माती खोल उकरणारा रोटाव्हेटर घरी येऊ द्यायचा नाही. कारण फक्त मला ठाऊक होतं. घरामागच्या दीड एकर बागेतून, घरापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत, विजेची केबल गेली आहे. ती मी स्वतः पुरली. घरातल्या सगळ्यांना वाटतं की ती अडीच फूट खोल आहे, तिच्यावर वाळू आहे आणि वाळूवर विटा आहेत. प्रत्यक्षात ती जेमतेम सहा इंचांवर आहे, नुसत्या मातीत.

मी चाळीस वर्षं वायरमन होतो. "माझं काम परत उघडावं लागत नाही," असं छातीठोकपणे सांगायचो आणि दुसऱ्यांच्या कामाला मनापासून नावं ठेवायचो. स्वतःच्या घरची केबल पुरायची वेळ आली तेव्हा अर्ध्या फुटावरच मुरूम लागला. पहार आपटून हात भरून आले, ऊन तापलं होतं. कोण बघणार आहे, म्हटलं, आणि माती ओढून घेतली. जेवताना 'अडीच फूट' सांगून मोकळा झालो. पंधरा वर्षांत ते इतक्यांदा सांगितलंय की सांगताना माझा हात आपोआप मांडीपर्यंत जातो.

"ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा?" दुकानदाराने विचारलं.

"अठरा," सूनबाई म्हणाली. ट्रॅक्टर तिचा, बाग तिची, हौसही तिचीच. नोकरी सोडून पंधरा दिवसांत ट्रॅक्टर शिकली. माझा मुलगा सोबत आला होता तो नुसता मान डोलवायला.

"मग डोळे झाकून चार फुटी रोटाव्हेटर घ्या. एका फेरीत सहा इंच माती पिठासारखी भुसभुशीत."

"अठराला तो जड जाईल," मी मध्येच आपलं घोडं दामटलं. "पुढची चाकं उचलतील."

"पुढे वजनं लावून देतो ना."

"बागेत दगड आहेत. पाती तुटतील. त्यापेक्षा हा तव्यांचा हॅरो बरा. हलका आहे, चार बोटं माती खालीवर करतो. बाकीचं काम गांडुळं करतात."

"काका, चार बोटं तर कोंबडीसुद्धा उकरते," दुकानदार म्हणाला. सूनबाईला हसू आलं. मला आलं नाही.

मुलगा माझ्याकडे बघत होता. "बाबा, तुम्हाला केबलची काळजी वाटतेय का? ती अडीच फुटांवर आहे ना?"

खरं सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. तिघंही थांबले होते.

"अडीच," मी म्हणालो. हात मांडीपर्यंत गेलाच.

"बाबांचं काम आहे," तो दुकानदाराला कौतुकाने म्हणाला. "नांगर घातला तरी लागायची नाही."

त्याच्या त्या कौतुकाची मला भीती वाटली. पोरगा माझ्या शब्दावर आपल्या बायकोला त्या केबलवर पाठवायला तयार होता.

शेवटी सूनबाईनेच निकाल लावला. "बाबा म्हणतात तर हॅरोच घेऊ. त्यांचा अंदाज कधी चुकत नाही." मी जिंकलो होतो, पण घरी येईपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केबलमध्ये वीज राहू नये म्हणून, मी मोटारीच्या घरातल्या बोर्डातला फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं. मग मागच्या पायरीवर जाऊन बसलो.

सूनबाईने फेऱ्या सुरू केल्या. जमीन कडक होती, हॅरोचे गोल लोखंडी तवे वरवर घरंगळत होते. दर फेरीच्या शेवटी ती खाली उतरायची आणि तव्यांत अडकलेल्या मुळ्या, वेल, जुन्या दोऱ्या उघड्या हातांनी ओढून काढायची. ती वाकली की माझा हात खिशाकडे जायचा. फ्यूज आहे की नाही, ते चाचपून बघायचो.

तिसऱ्या फेरीनंतर ती माझ्याकडे आली. "बाबा, तवे रुततच नाहीत. नुसते ओरखडे उठतायत. दुकानदाराला फोन केला, तो म्हणतो वर वजन टाका."

"कसलं वजन?"

"ते मिळालं. विहिरीमागे वेलाखाली विटांची चळत आहे. तुमच्या केबलच्या कामातल्या उरलेल्या असणार."

उरलेल्या नव्हत्या. दोनशे आणल्या होत्या आणि दोनशेच्या दोनशे तिथे होत्या. त्या चळतीवर वेल चढवून मी ती पंधरा वर्षं झाकून ठेवली होती.

"आज राहू दे गं," मी म्हणालो. "ऊन होईल."

"आत्ता कुठे नऊ वाजतायत, बाबा." ती गेलीसुद्धा. तीस-चाळीस विटा तिने हॅरोच्या सांगाड्यावर रचल्या, दोरीने आवळल्या आणि ट्रॅक्टर सुरू केला. आता तवे रुतले. खालची ओली, काळी माती वर येऊ लागली. तिने मला हात करून ती दाखवली.

केबल घराजवळच्या डाळिंबाच्या झुडपापासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ गेली होती. तिच्यापर्यंत पोचायला चार फेऱ्या उरल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, तुटेल तर तुटू दे, फ्यूज माझ्याकडे आहे. तार वर आली तर उंदरांनी उकरली म्हणून सांगायचं, हेही ठरवून टाकलं. एक खोटं पचलं होतं, दुसरंही पचलं असतं.

तीन फेऱ्या झाल्या आणि विहिरीवरची मोटार सुरू झाली.

मला क्षणभर कळेना. खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

न्हाणीघराच्या खिडकीतून मुलाचा आवाज आला. "बाबा, मोटारीचा फ्यूज कुणी काढला होता? गिझर लावला तर टाकीत थेंब नव्हता. बोर्डावर जादाचा असतो ना, तो लावला."

जादाचा फ्यूज बोर्डावर ठेवायचा हे त्याला मीच शिकवलं होतं, लहानपणी, स्टुलावर उभं करून.

"बंद कर," मी म्हणालो. पण आत पाणी सुरू झालं होतं आणि तो गायला लागला होता. बोर्ड घराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रॅक्टर त्याहून जवळ. मी नांगरटीत उतरलो. ढेकळांत पाय रुतत होते, गुडघा साथ देत नव्हता. सूनबाई चौथ्या फेरीसाठी ट्रॅक्टर वळवताना मागे तव्यांकडे बघत होती, माझी हाक इंजिनाच्या आवाजात विरून गेली. मी डाळिंबापाशी जाऊन बरोबर केबलच्या वर उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले.

पुढचं चाक हातभर अंतरावर थांबलं. तिने इंजिन बंद केलं. आता फक्त मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"बाबा, काय झालं?"

"इथून केबल गेलीय."

"ठाऊक आहे की. अडीच फुटांवर."

"सहा इंच," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तव्यांकडे, मग विटांकडे. "आणि या विटा?"

"घातल्याच नाहीत."

तिने आपले हात समोर धरले. मातीने माखलेले, बोटांना मुळ्यांचे धागे चिकटलेले. ते तिने सावकाश कपड्यांना पुसले. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घराकडे बघत होती.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "घरातलं वायरिंगही तुम्हीच केलंय ना?"

"हो."

"गिझरचं?"

गिझरचा झटका माणसाला लागू नये म्हणून अर्थिंगची तार जमिनीत न्यायची असते. ती मी भिंतीत हातभर नेऊन तिथेच सोडून दिली होती. कोण बघणार आहे, म्हणून. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तिने माझा चेहरा वाचला होता. ती उडी मारून खाली उतरली आणि नांगरटीतून धडपडत घराकडे धावत सुटली.

मी केबलवरच उभा होतो. न्हाणीघरात तो अजून गात होता. ते गाणं थांबू नये म्हणून मी कान देऊन ऐकत उभा राहिलो.