चौकातल्या बागेवरच्या फरशा

नगरपालिकेच्या अभियंता बाईंनी दोन वर्षं खपून चौकात खोलगट बाग केली होती. खाली खडी, वर वाळू आणि त्यात लव्हाळ्याचे झुबके. रस्त्याचं पाणी तिथेच जिरायचं आणि गल्ली कोरडी राहायची. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेवढ्यात त्यांच्या ठेकेदार दिराने बाग बुजवून वर चकचकीत फरशा बसवल्या.

बाई कामावर परतल्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात गटार तुंबून त्याचा मैला चौकातल्या शिंप्याच्या दुकानात शिरला. म्हातारा शिंपी घाण पाण्यातून गिऱ्हाइकांचे कपडे उचलून पिळत होता. बाईही त्या पाण्यात उतरल्या.

"वहिनी, लोकांना चिखल नको असतो," दीर नाकाला रुमाल लावून समोरच्या घराच्या पायरीवरून म्हणाला. "आता कसं स्वच्छ दिसतं."

त्या रुमालाची बाईंना मैल्याहून जास्त किळस आली.

"भाऊजी, रुमाल काढा आणि एकदा श्वास घ्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी पहार मागवून पहिली फरशी स्वतः उखडली. शिंपीही मदतीला आला. दोन दिवसांत मजुरांनी भराव उपसला आणि तुंबलेलं पाणी जिरू लागलं.

दिराच्या घरचा चहा मात्र बाईंच्या घशाखाली पुन्हा कधी उतरला नाही.