कॅल्शियमची बाटली

दुपारी ज्या डॉक्टरीणबाईंनी “काकू गेल्या” असं हलक्या आवाजात सांगितलं, त्याच बाई सकाळी काकांवर ओरडल्या होत्या.

“काका, झटके थांबत नाहीयेत! दोन इंजेक्शनं झाली. साखर ठीक आहे, ताप नाही. पोटात काय गेलंय ते सांगा.”

इस्पितळातल्या खाटेवर बायकोचं अंग ताठ होऊन हिसके देत होतं. काकांचा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेला. कुठं अडलंय ते त्यांना आवाजावरून कळे. इथं आवाज नुसता दातांचा येत होता.

“चहा घेतला. आणि कॅल्शियम.”

“कॅल्शियमनं असं होत नाही. उंदराचं औषध? फवारणीचं? घरात भांडण?”

“छे हो! काल तर हसत होती.”

दारात सून उभी होती, कडेवर नात. “आईंना कॅल्शियमशिवाय दुसरं काही नव्हतंच हो,” सून म्हणाली.

काकांना खरं ठाऊक होतं. बाटली कॅल्शियमची होती, आतल्या गोळ्या टीबीच्या. टीबी म्हटलं की सून नातीला घेऊन माहेरी जाऊन बसेल, ही बायकोची धास्ती. युक्तीही तिचीच. “रोज विचारते, आई, गुडघे कसे आहेत? मी म्हणते, पळायला लागले!” असं सांगून ती पदर तोंडात कोंबून हसायची.

पुन्हा झटका आला. ओठ निळे पडले. काका सुनेकडे पाठ करून डॉक्टरीणबाईंच्या कानाशी गेले.

“टीबीच्या गोळ्या आहेत त्या.”

“किती घेतल्या?”

“लेकीकडे पंधरा दिवस राहायला गेली होती. तिथं चोरून घेता येईनात, राहून गेल्या. आज दवाखान्यात जायचं होतं, तिथं उरलेल्या गोळ्या बघतात. नर्सबाई बोलतील म्हणून राहिलेल्या सगळ्या सकाळी एकदम गिळल्या. म्हणाली, झालं बाई बरोबर. मी पण बरं म्हटलं.”

डॉक्टरीणबाई वळल्या. “सिस्टर, बी-सिक्स! असेल तेवढं. बाकीच्या वॉर्डांतूनही मागवा. या गोळ्यांच्या झटक्यांना तेच जीवनसत्त्व लागतं.”

इंजेक्शनं थोडीच निघाली. ती देऊन झाली, तशा सिस्टर गोळ्या कुटून नाकातल्या नळीतून सोडू लागल्या. श्वास यंत्रावर घेतला. बायकोची मूठ हळूहळू सैल झाली. जमलं, असं काकांना वाटलं.

“थांबले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण फार वेळ चालले होते, काका.”

दुपारी हृदय बंद पडलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेतलं. “घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. त्या छोटीची आधी. मी बोलू का सूनबाईंशी?”

“नको. मी सांगतो. मलाच सांगू द्या.”

मुलगा कामावरून धावत आला. “बाबा, काय झालं आईला?”

“फिट आली,” काका म्हणाले.

सून हुंदके देत होती. “एवढं नेमानं कॅल्शियम घ्यायच्या हो.”

बाटली अजून फळीवर आहे. सून पुसते आणि परत तिथंच ठेवते. काका कामाला बसतात. आत नात खोकली की मशीनचं चाक हातानं धरून ऐकत राहतात. मुलाला सांगायचं राहिलं आहे, सुनेलाही. नातीची तपासणी अजून झालेली नाही.