गोजराबाईचा दगड

गोजराबाईची तेरवी झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या बसायच्या दगडावर कोणीतरी कचऱ्याची थैली फेकली.

वाशीमच्या त्या गल्लीच्या टोकाला नगरपरिषदेची मोकळी जागा होती. मोकळी फक्त कागदावर. एकाने तिथे म्हैस बांधली होती. एकाची घर बांधून उरलेली गिट्टी तीन वर्षांपासून पडून होती. बबनरावाने तर आपल्या गाडीसाठी टिनाचं छप्परच ठोकलं होतं. कडुनिंबाखालचा चपटा दगड तेवढा गोजराबाईचा. नालीच्या कामातून उरलेला तो दगड तिच्या नवऱ्याने, जगदेवनेच पाठीवर आणून टाकला होता, बाजार समितीत हमाली करायचा तेव्हा. म्हणजे कब्जा त्याचाही होताच. पण गोजराबाई भोवतीची जागा झाडून घ्यायची, रोज दुपार कलली की भाजी निवडत बसायची आणि काड्या पदरात घेऊन घरी जायची.

आता त्या दगडावर भरलेले डायपर, आंबलेलं वरण, गुटख्याच्या पिचकाऱ्या. जगदेव सकाळी उचलायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. जेवताना हाताला वास यायचा.

"बबनराव, इथं माणूस बसत होतं," तो एकदा म्हणाला.

"आता कोण बसते, जगदेवभाऊ? आन् घंटागाडी येते कुठं टायमावर?"

"येते. तुमी झोपेल राह्यता."

समोरच्या भिंतीवर देवांची चित्रं असलेल्या फरश्या लावल्यापासून तिथलं मुतणं थांबलं होतं. ते जगदेवला आठवलं. त्याने बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि दगडाला फासला. वर एक अगरबत्ती खोचली. दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद. आपण फार हुशारी केली, असं त्याला चार दिवस वाटलं.

पाचव्या दिवशी तो दगडावर टेकायला गेला, तर शेजारची वैजयंती ओरडली, "काकाजी, देवावर बसता काय!"

"अवं, हा गोजराचा दगड. तूच इथं बसून तिच्यासंगं शेंगा खाल्ल्या."

"तवा मालूम नव्हतं ना. आता देव प्रगट झाला."

"प्रगट कायचा? म्याच शेंदूर लावला!"

बबनराव मागेच उभा होता. त्याने हात जोडले. "मंग देवानंच तुमाले बुद्धी देल्ली, भाऊ."

महिन्याभरात बबनरावाचं छप्पर वाढून दगडावर आलं. गाडी देवाशेजारी उभी राहू लागली. भोंगा लागला. गोजराबाई देवाची सेवा करायलाच तिथे बसायची, असं बाया सांगू लागल्या. शनिवारी महाप्रसाद झाला आणि उष्ट्या पत्रावळी कडुनिंबामागे फेकल्या गेल्या. रविवारी सकाळी त्यांवर कुत्री भांडत होती. घाण तीच, जागा दोन हात सरकलेली. जगदेवला लोकांची किळस आलीच, पण शेंदराचा डबा आणणाऱ्या आपल्या हातांची जास्त आली.

तो घरी गेला. बादलीभर उकळतं पाणी, गोजराबाईचं खुरपं आणि मेथीची जुडी घेऊन परत आला. हार बाजूला ठेवला आणि दगड खरवडायला लागला.

माणसं जमली. "भाऊ, पाप लागीन!" बबनराव ओरडला.

"लागू दे. माह्या कमरेले लागीन, तुह्या नाही."

अर्धा शेंदूर निघाला, अर्धा त्याच्या धोतराला आणि हातांना लागला. तसाच तो दगडावर बसला आणि मेथीची जुडी सोडून निवडायला लागला.

"उठवा याले!" बबनराव म्हणाला. कोणी पुढे आलं नाही. शेंदूर लागलेल्या माणसाला हात कोण लावणार?

"काकाजी, कवालोक बसान?" वैजयंतीने हळूच विचारलं.

"मेथी सरेपर्यंत. उद्या दुसरी आणीन."

बबनरावाला संताप आवरेना. तो वळला आणि रोजच्या सवयीने दगडाच्या बाजूला पचकन थुंकला. मग स्वतःच दचकला. दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, इकडेतिकडे पाहिलं. सगळी गल्ली त्या लाल थुंकीकडे बघत होती.

"बादलीत पाणी आहे अजून," जगदेव म्हणाला. "धुऊन टाक."

आणि त्याने मेथीची पुढची काडी मोडून धोतराच्या ओच्यात टाकली.