दुपारी एक वाजून बारा मिनिटांची टिचकी

मित्रांनो, माझे वय अवघे नऊ वर्षांचे. पण संगणकाच्या जगात एवढ्या वयाला म्हातारपण म्हणतात. मी दुरून दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम आहे. एका संगणकाचा पडदा मी दुसरीकडे बसलेल्या माणसाला दाखवतो आणि माऊसही त्याच्या हाती देतो.

रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी कामाला लागलो. प्रिंटर रुसला की काउंटरवरच्या ताई दुरुस्तीवाल्या दादांना फोन करत, जोडणीसाठी लागणारे पडद्यावरचे नऊ आकडे वाचून दाखवत आणि दादा आपल्या दुकानात बसून पाच मिनिटांत काम उरकत. "दादा, तुमच्या हाताला गुण आहे," ताई म्हणत. त्यातला थोडा गुण माझाही होता.

पुढे मालकांनी दादांकडून माझ्यासाठी कायमचा पासवर्ड लावून घेतला, म्हणजे ताईंना न विचारता केव्हाही आत येता यावे. "घरून अहवाल बघता येतील," म्हणाले. ते अहवाल बघत नसत, ताईंना बघत. 'कोणीतरी जोडलेले आहे' असे सांगणारी माझी पट्टीही त्यांनी लपवली. ताईंनी मुलीच्या शाळेला लिहिलेली पत्रे, स्वतःच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांना विचारलेले प्रश्न, सारे त्यांनी वाचले. मी वर्षभर दाखवत राहिलो. त्या वर्षाबद्दल मी फुशारकी मारत नाही.

एके दिवशी डॉक्टरांची सही न झालेला अहवाल रुग्णाला गेला. त्यात एक आकडा चुकलेला होता. बिचारा धापा टाकत काउंटरवर आला. मालकही तासाभरात हजर झाले.

"उद्यापासून येऊ नका," ते ताईंना म्हणाले.

"साहेब, अहवाल सहीसाठी उघडा ठेवून मी डबा खायला गेले होते."

"मग काय संगणकाने आपणहून पाठवला?"

"ते दादांना विचारा. नोकरी घालवायची तर खरं कळल्यावर घालवा."

दादा आले. त्यांनी माझी नोंदवही उघडली. कोण आले, कधी आले, कधी गेले, हे मी रोज लिहून ठेवतो. खोटे लिहायला मला येत नाही.

"एक वाजून आठ मिनिटांनी बाहेरून कोणीतरी जोडलं गेलं," दादा म्हणाले. "एक बाराला अहवाल गेला."

"चोर?"

"तुमचा घरचा संगणक, साहेब."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "पण मी नुसता बघत होतो."

"नुसतं बघायचं तर तसा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर तिकडे तुमच्या माऊसची टिचकी पडली की ती इथेही पडते. ही 'पाठवा'वर पडली."

ताईंनी शांतपणे विचारले, "नुसतं काय बघत होता, साहेब?"

मालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ताईच म्हणाल्या, "पट्टी दिसली पाहिजे. मला विचारल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. असं असेल तर उद्या येते."

मालकांनी मान हलवली. दादांनी तिथल्या तिथे कायमचा पासवर्ड काढून टाकला आणि पट्टी परत आणली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी घरून जोडणी मागितली. मी ताईंना विचारले, परवानगी द्यायची? त्यांनी प्रश्न नीट वाचला आणि 'नाही' दाबले.

मित्रांनो, मी कामाचा आहे, हे छातीठोकपणे सांगतो. पण आत कोण येते आहे ते बघा, काम झाले की जोडणी तोडा. 'नाही' म्हणालात तर मी निमूट परत जातो. मला राग येत नाही.